विद्यार्थ्यांच्या वहीतले आजी-आजोबा



महाविद्यालयातील मुले वृद्धाश्रमाला भेट देतात तेव्हा साधारण काय घडते, हे आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. बस येते, मुले उतरतात, फळे आणि बिस्किटांचे पुडे वाटले जातात, दोनचार गाणी होतात, सर्वांचे मिळून एक छायाचित्र निघते आणि दुपारच्या आत बस परत जाते. हेतू शुद्ध असतो, त्याबद्दल शंका नाही. परंतु त्या दोन तासांत देणारे देतात, घेणारे घेतात आणि एकमेकांचे नावही न कळता दोघे दुरावतात. मुलांच्या मनात वार्धक्याची जी प्रतिमा आधी असते, बहुधा तीच घेऊन ती परततात.

आजच्या लेखात मी आपल्याला निराळ्या प्रकारच्या भेटीविषयी सांगणार आहे. या भेटीत विद्यार्थी एकच, आजी किंवा आजोबाही तेच. आठवड्यामागून आठवडे दोघे शेजारी बसतात आणि मिळून काहीतरी घडवतात. कधी चित्र, कधी गोष्ट. घरी गेल्यावर विद्यार्थी त्या तासाविषयी एका वहीत लिहितो, आणि हे लिहिणे त्याच्या अभ्यासक्रमाचाच भाग असते. अशा वह्यांतून मुलांना काय उमगले, हे अभ्यासकांनी बारकाईने पाहिले आहे. ते मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण त्या वह्यांतून मिळणारे ज्ञान केवळ विद्यार्थ्यांच्या कामाचे नाही. घरी विस्मृतीने ग्रासलेल्या आईची, वडिलांची किंवा जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाच्या ते उपयोगाचे आहे.

ही संख्या लहान नाही. आपल्या देशात झालेल्या एका व्यापक पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया असावा, असा अंदाज आहे. माणसांत मोजले तर ही संख्या सुमारे ८८ लाख होते. यांतील बहुतेकांची काळजी संस्था घेत नाहीत, घरची माणसे घेतात.

चित्राचा तास

अमेरिकेतील ओहायो राज्यात ऑक्सफर्ड नावाचे एक गाव आहे. तेथील मायामी विद्यापीठाच्या वार्धक्यशास्त्र केंद्रात एलिझाबेथ लोकोन या मूळच्या इंडोनेशियातील विदुषींनी २००७ साली एक उपक्रम सुरू केला. ‘ओपनिंग माइंड्स थ्रू आर्ट’ हे त्याचे नाव. स्मृतिभ्रंश झालेली एक वृद्ध व्यक्ती आणि एक विद्यार्थी अशी जोडी ठरते. सत्रभर ती जोडी बदलत नाही. आठवड्यातून एकदा दोघे रंग, कागद, कापड घेऊन शेजारी बसतात.

या उपक्रमात हुबेहूब चित्र काढायचे नसते. घर, झाड, फूल काढायला सांगितले, की ‘जमले’ किंवा ‘बिघडले’ असा निवाडा आलाच. ज्याच्या हाताला कंप आहे, ज्याला मध्येच विसरायला होते, त्याच्यासाठी असा निवाडा म्हणजे आणखी एक पराभव. म्हणून येथे रंगांची आणि आकारांची अमूर्त रचना केली जाते. कृती लहान लहान टप्प्यांत बांधलेली असते आणि कोणत्याही टप्प्यावर ‘चुकले’ म्हणण्याजोगे काहीच उरत नाही. निळा की तांबडा, येथे की तेथे, पुरे की आणखी, हे सारे निर्णय वृद्ध व्यक्तीचे. विद्यार्थ्याने कुंचला स्वतःच्या हातात घ्यायचा नाही. त्याने पर्याय समोर ठेवायचे, थांबायचे आणि वाट पाहायची.

ही शेवटची गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. विशीतल्या मुलाला मिनिटभर स्वस्थ बसणे कठीण असते. समोरच्या आजींचा हात रंगाच्या वाटीवर थबकला, की ‘हा घ्या ना’ म्हणून पुढे करण्याचा मोह होतो. त्या मोहाला आवर घालणे हाच जणू अभ्यासक्रमाचा पहिला धडा. याचे प्रशिक्षण मुलांना आधी दिले जाते. सत्राच्या शेवटी या चित्रांचे प्रदर्शन भरते. आप्तेष्ट येतात, भिंतीवर चित्रे लागलेली असतात आणि ज्यांच्याकडे एरवी ‘रुग्ण’ म्हणून पाहिले जाते, ती मंडळी त्या दिवशी ‘कलावंत’ म्हणून उभी असतात.

आठवण नको, कल्पना चालेल

दुसरा प्रयोग गोष्टीचा. ॲन बॅस्टिंग या नाट्यशास्त्राच्या अभ्यासक विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकी येथील एका शुश्रूषागृहात स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी नाट्यखेळ घेत असत. वर्ष १९९६. आठवडे लोटले, तरी जुन्या आठवणींवर आधारलेला एकही खेळ रंगेना. जे हरवले आहे तेच मागितले जात होते. मग मिळणार कोठून? एके दिवशी त्यांनी एका नियतकालिकातून गुराख्याच्या वेषातील पुरुषाचे, जाहिरातीतले चित्र फाडून काढले आणि सर्वांपुढे धरून म्हटले, की आपण याची गोष्ट रचूया. याचे नाव काय ठेवावे? कोणी म्हणाले, फ्रेड अस्टेअर. हे जुन्या काळातील एका विख्यात नर्तक-नटाचे नाव. तो राहतो कोठे? ओक्लाहोमात. उत्तरे येऊ लागली, हसणे सुरू झाले, मध्येच गाणे आले. जी माणसे आठवडेच्या आठवडे गप्प होती, ती कितीतरी वेळ गोष्ट रचत राहिली.

या अनुभवातून ‘टाइमस्लिप्स’ ही पद्धत जन्मास आली. तिचे नियम अगदी साधे आहेत. एक गमतीदार, कोणाच्याही ओळखीचे नसलेले चित्र घ्यायचे. ज्याला ठराविक उत्तर नाही असे प्रश्न विचारायचे. जे उत्तर येईल ते त्याच शब्दांत लिहून घ्यायचे. ते विसंगत असो, अर्धवट असो, नुसता हुंकार असो. मधूनमधून तोवरची गोष्ट मोठ्याने वाचून दाखवायची. मिलवॉकी येथील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी पुढे ही पद्धत आत्मसात केली. २०११ साली तर मिलवॉकीतील एका वृद्धनिवासात तेथील रहिवासी, कर्मचारी, व्यावसायिक नाट्यकर्मी आणि विद्यार्थी यांनी मिळून एक नाटक उभे केले. ग्रीक महाकाव्यातील नायक वीस वर्षे परागंदा असताना त्याची वाट पाहत घरी राहिलेली त्याची पत्नी पेनेलोपी ही त्या नाटकाची नायिका. वाट पाहणे म्हणजे काय, हे त्या वास्तूतील माणसांना कोणी शिकवावे लागले नसेल. बॅस्टिंग यांना २०१६ साली मॅकआर्थर फेलोशिप या मोठ्या सन्मानाने गौरविण्यात आले.

वह्या काय सांगतात

आता मूळ विषयाकडे वळूया. चित्र काढले, गोष्ट रचली. विद्यार्थी त्यातून काय शिकले?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात ज्यांच्यापाशी शिकले, त्या जॉन ड्यूई यांनी शिक्षणाविषयी एक महत्त्वाचा विचार मांडला होता. नुसती कृती म्हणजे शिक्षण नव्हे. आपण काय केले आणि त्याचा परिणाम म्हणून आपल्या वाट्याला काय आले, यांचा संबंध मनात जोडला गेला, तरच अनुभवाचे ज्ञान होते. वही लिहिण्याचा हेतू हाच. ओहायोतील विद्यार्थ्यांच्या अशा वह्यांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यांत आणि अशाच अन्य उपक्रमांतील लेखनात काही सूत्रे पुनःपुन्हा दिसतात.

आरंभी असते ती भीती. काय बोलावे, त्या रडू लागल्या तर काय करावे, आपल्याला ओळखले नाही तर? बहुतेकांना स्मृतिभ्रंशाची ओळख असते ती चित्रपटांतून किंवा घरातल्या एखाद्या दुःखद आठवणीतून. त्यानंतर हळूहळू येतो तो सराव. आजींना कोणता रंग आवडतो, आजोबा कोणत्या सुरावर बोटांनी ताल धरतात, हे मुलांच्या ध्यानात येऊ लागते. रोगाचे नाव मागे पडते आणि माणूस पुढे येतो. पुढे अनेकांच्या लिहिण्याची दिशाच पालटते. ‘मी त्यांना काय दिले’ यापेक्षा ‘मला तेथे काय मिळाले’ यावर अधिक लिहिले जाते. परीक्षा, स्पर्धा, भ्रमणध्वनीवरचे सततचे संदेश यांच्या धबडग्यात आठवड्यातून एक तास कोणीतरी आपल्याला घाई न करता, गुण न देता स्वीकारते, याचे मुलांना अप्रूप वाटते.

भावी डॉक्टरांच्या बाबतीतही असेच दिसून आले. पेनसिल्व्हेनियातील पेन स्टेट विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांसमवेत गोष्टी रचण्याचा उपक्रम केला. त्यानंतर अशा रुग्णांकडे पाहण्याची त्यांची दृष्टी अधिक अनुकूल झाल्याचे आढळले. औषधांची नावे पुस्तकातून शिकता येतात. समोरच्याला उत्तर देण्यास वेळ लागतो आहे आणि आपण थांबले पाहिजे, हे मात्र कोणाच्या तरी शेजारी बसूनच शिकावे लागते.

परक्या मुलाला दिसते ते

येथे मला शुश्रूषा करणाऱ्या वाचकांशी थोडे मनापासून बोलायचे आहे.

समजा, आपली आई आपल्याला ‘तुम्ही कोण?’ असे विचारते. आपण तिला न्हाऊ घालतो, भरवतो, रात्री तीनदा उठतो. आणि एखाद्या दिवशी शेजारची कॉलेजकन्यका येऊन तिच्यापाशी अर्धा तास बसते, दोघी मिळून रंगात बोटे बुडवतात, आणि आई खुदकन हसते. ते हसू पाहून आनंद होतोच. पण आत कोठेतरी काटाही रुततो. मी इतके करते, माझ्या वाट्याला हे हसू का नाही?

या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्यांच्या वह्यांत सापडते, असे मला वाटते. त्या मुलीला आपली आई पूर्वी कशी होती, हे ठाऊक नाही. तिने त्यांना शाळेत गणित शिकवताना पाहिलेले नाही, त्यांच्या हातची पुरणपोळी खाल्लेली नाही, त्यांचा करारी स्वभाव अनुभवलेला नाही. त्यामुळे आजच्या त्यांना ती कालच्या त्यांच्याशी ताडून पाहत नाही. काय उणे झाले याचा हिशेब तिच्यापाशी नाहीच; समोर जे शिल्लक आहे तेच तिला पूर्ण वाटते. आपल्याला मात्र प्रत्येक वाक्यागणिक काय गेले ते दिसते. ‘आई, ओळखलंस का मला?’ हा आपला प्रश्न प्रेमातून येतो, पण ऐकणाऱ्याला ती परीक्षा वाटते. या परीक्षेत पुन्हा नापास होणार, हे रुग्णाला कळते, आणि तो गप्प होतो किंवा चिडतो.

म्हणून त्या मुलीचा हेवा करू नये आणि स्वतःला दोषही देऊ नये. आपल्या दुःखाचे कारण आपले प्रेम आहे, आणि तिच्या मोकळेपणाचे कारण तिचे अपरिचय हे आहे. दोन्ही खरे. आपल्याला परके होता येणार नाही, होऊही नये. परंतु दिवसातला एखादा तास त्या परक्या मुलीची दृष्टी उसनी घेता येते: आज या क्षणी माझ्यासमोर कोण आहे, तिला काय आवडते आहे, एवढेच पाहायचे.

‘तासाभराने तिला काहीच आठवत नाही, मग उपयोग काय?’ असे कोणी विचारील. याला विज्ञानाचे उत्तर आहे. अल्झायमर रोगात मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाची हानी लवकर होते आणि नव्या घटनांची नोंद ठेवणे कठीण होते. भावनांचे मात्र तसे नसते. आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली अल्झायमर असलेल्या व्यक्तींना दुःखद आणि आनंददायक चित्रपटांतील प्रसंग दाखविले. थोड्या वेळाने प्रसंग त्यांना फारसे आठवत नव्हते, पण त्यांनी जागविलेली उदासी किंवा प्रसन्नता मनात टिकून होती. म्हणजे घटना पुसली जाते, तिचा रंग मागे राहतो. सकाळचा एक चांगला तास संध्याकाळी आठवला नाही, तरी वाया गेला असे म्हणता येत नाही. आणि याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी: रागाने बोललेले शब्द विसरले जातील, त्यांनी झालेली जखम लगेच विसरली जाईलच असे नाही.

काय होत नाही, तेही सांगितले पाहिजे

चित्र काढून किंवा गोष्ट रचून स्मृतिभ्रंश बरा होत नाही. गेलेली स्मृती परत येत नाही. अशी आशा कोणी दाखवीत असेल, तर सावध व्हावे. डॉक्टरांनी दिलेली औषधे, रक्तदाब-मधुमेहाची तपासणी, श्रवणयंत्र, चष्मा, झोप, पडण्यापासून संरक्षण या गोष्टींची जागा कोणतीही कला घेऊ शकत नाही. जे होते ते असे, की माणूस काही काळ अधिक सजग राहतो, इतरांशी जोडला जातो, आणि त्याच्या भोवतीची माणसे त्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागतात. टाइमस्लिप्स पद्धतीविषयी अमेरिकेतील वीस शुश्रूषागृहांत झालेल्या अभ्यासात असाच निष्कर्ष निघाला. रहिवासी अधिक सजग व रमलेले दिसले, आणि कर्मचाऱ्यांचे त्यांच्याशी बोलणे-वागणे वाढले.

आणखी एक कठीण गोष्ट म्हणजे निरोप. विद्यापीठाचे सत्र संपते, मुले आपापल्या वाटेने जातात. काही वेळा विद्यार्थी पुढच्या आठवड्यात येतो तेव्हा खुर्ची रिकामी असते. अशा प्रसंगी त्यांना आधार देणे हे शिक्षकांचे कर्तव्यच आहे. निरोप अचानक घेऊ नये. दोन भेटी आधीपासून सांगत जावे, शेवटच्या भेटीत मिळून केलेले काही हाती द्यावे. आजींना तो विद्यार्थी नावाने आठवणार नाही कदाचित. तरीही निरोप नीट घ्यावा. सन्मान हा स्मरणशक्तीवर अवलंबून नसतो.

घरच्या घरी एक तास

यासाठी विद्यापीठ लागत नाही. घरातले विशीतले नातवंड, शेजारची मुलगी किंवा आपण स्वतः पुरेसे आहोत. पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

वेळ: रुग्ण ताजातवाना असतो ती वेळ निवडावी, बहुधा न्याहारीनंतरची. दिवेलागणीच्या सुमारास अनेकांची अस्वस्थता वाढते, ती वेळ टाळावी. अर्धा तासही पुष्कळ होतो.

जागा: उजेड भरपूर, दूरदर्शन संच बंद, मेजावर एका वेळी एकच वस्तू. चष्मा आणि श्रवणयंत्र लावले आहे ना, हे आधी पाहावे. कित्येकदा ‘त्यांना समजत नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यांना केवळ ऐकू आलेले नसते.

चित्रासाठी: भेंडी आडवी कापून तिचे ठसे उमटवावेत, फुलासारखी नक्षी आपोआप होते. पिंपळाच्या किंवा जास्वंदीच्या पानाला रंग लावून कागदावर दाबता येते. ज्यांनी आयुष्यभर अंगणात रांगोळी काढली, त्यांच्या चिमटीत ती हालचाल पुष्कळदा शिल्लक असते. पाटावर किंवा ताटात रांगोळी द्यावी. एका वेळी दोनच रंग पुढे ठेवून ‘यातला कोणता?’ असे विचारावे. रंग विषारी नसावेत, मणी-बटणांसारख्या गिळता येतील अशा लहान वस्तू आणि धारदार कात्री जवळ ठेवू नये. रांगोळीची पूड डोळ्यांत किंवा तोंडात जाणार नाही, याकडे लक्ष असावे.

गोष्टीसाठी: जुन्या दिनदर्शिकेवरील किंवा मासिकातील एखादे मजेदार चित्र घ्यावे. घरातल्या माणसांचे छायाचित्र घेऊ नये, कारण तेथे लगेच ‘हा कोण?’ची परीक्षा सुरू होते. ‘हिचे नाव काय ठेवूया?’, ‘ही कोठे निघाली आहे?’, ‘हिच्या पिशवीत काय असेल?’, ‘वास कसला येत असेल?’ असे प्रश्न विचारावेत. उत्तर येईपर्यंत मनात सावकाश दहापर्यंत मोजावे. आलेले शब्द सुधारू नयेत. ‘असे कसे असेल?’ म्हणू नये. सारे लिहून घ्यावे आणि शेवटी मोठ्याने वाचून दाखवावे. स्वतःचे शब्द कागदावर आले आणि कोणी ते आदराने वाचले, हा अनुभव मोठा असतो.

बोलणे: लहान मुलाशी बोलतो तसा लाडिक स्वर नको. ‘छान छान’ म्हणण्यापेक्षा ‘तुम्ही पिवळ्याशेजारी हिरवा लावलात, भाताच्या खाचरासारखे दिसते’ असे काही नेमके म्हणावे. घरात ज्या नावाने आणि ज्या मानाने हाक मारली जाते, तीच रीत ठेवावी. नव्याने आलेल्या मुलाने ‘अहो आजी’ म्हणूनच सुरुवात करावी; ‘अगं’ म्हणण्याचा अधिकार त्या देतील तेव्हा घ्यावा.

थांबणे: मान वळवली, हात मागे घेतला, कपाळाला आठी पडली, की थांबावे. अपुरे राहिले तर राहू द्यावे. झालेल्या कामावर त्यांचे नाव किंवा अंगठा घेऊन तारीख घालावी आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल अशा ठिकाणी लावावे.

आणि हा तास घरातले दुसरे कोणी घेत असेल, तर शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीने शेजारी उभे राहून देखरेख करू नये. खुशाल पाय मोकळे करावेत, झोप काढावी, देवळात जावे. त्या तासाचा तोही एक हेतू आहे.

प्रकल्प आपल्या दारी आला तर

ज्यांची स्मृती शाबूत आहे अशा ज्येष्ठ वाचकांनाही या विषयात मोठे स्थान आहे. राष्ट्रीय सेवा योजना आपल्याकडे गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली सुरू झाली, हे आपल्याला आठवत असेल. कदाचित आपण स्वतः तिच्या शिबिरांत श्रमदान केले असेल. आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभाग प्रकल्प यांना श्रेयांक आहेत. म्हणजे आपल्या नातवंडाला किंवा त्याच्या मित्रमैत्रिणींना समाजात जाऊन काही करायचे आणि त्याविषयी लिहायचे असते. विषय शोधत ही मुले भटकत असतात. त्यांना आपण विषय देऊ शकता. आपल्या गावच्या जुन्या बाजाराचा नकाशा, गिरणीतल्या कामाचे दिवस, १९७२च्या दुष्काळात घर कसे चालवले, जात्यावर दळतानाची पहाट, हे सारे तुमच्यासोबत बसून, तुमच्या शब्दांत लिहून घेण्यासारखे आहे. मात्र मुलाखत देऊन थांबू नका. ‘आपण दोघे मिळून करू’ म्हणा. नकाशा तुम्ही काढा, रंग त्याला भरू द्या.

काही दक्षता अवश्य घ्याव्यात. अनोळखी विद्यार्थी असेल, तर महाविद्यालयाचे पत्र आणि ओळखपत्र पाहावे, शिक्षकांचा दूरध्वनी क्रमांक घ्यावा. पहिल्या भेटीला घरातले कोणी सोबत असावे. छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रण कोठे वापरले जाणार, हे आधी विचारावे. नको असल्यास स्पष्ट नाही म्हणावे. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत कुटुंबाची अनुमती तर हवीच, पण त्या त्या दिवशी त्यांची स्वतःची इच्छाही पाहावी. बँक, आधार, संकेतांक यांविषयी कोणताही प्रश्न प्रकल्पाचा भाग असू शकत नाही. शंका आल्यास ज्येष्ठ नागरिकांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, हे स्मरणात ठेवावे.

आपलीही एक वही

शेवटी, शुश्रूषा करणाऱ्यांनी विद्यार्थ्यांपासून घ्यावी अशी एक सवय सांगतो. एक दोनशेपानी वही आणावी. रात्री निजण्यापूर्वी तीनच ओळी लिहाव्यात. आज काय घडले? मला काय वाटले? उद्या काय निराळे करून पाहीन? शुद्धलेखनाची काळजी नको, कोणाला दाखवायची गरज नाही. राग आला असेल तर राग लिहावा. थकवा आला असेल तर थकवा.

महिनाभराने मागची पाने उलटली, की काही गोष्टी दिसू लागतील. आंघोळ सकाळऐवजी दुपारी घातली तेव्हा आरडाओरड झाली नाही. रेडिओवर अभंग लागला, की घास लवकर गिळला जातो. शेजारची मुलगी येऊन जाते त्या दिवशी रात्र शांत जाते. डॉक्टरांकडे जाताना ही वही सोबत न्यावी. ‘बरे आहे’ किंवा ‘तसेच आहे’ यापलीकडचे बरेच त्यांना तीत सापडेल. आणि सलग पंधरा दिवस दुसऱ्या ओळीत केवळ ‘थकले’ एवढाच शब्द असेल, तर तो आपल्या स्वतःच्या प्रकृतीचा इशारा समजावा आणि घरात उघडपणे मदत मागावी. मदत मागण्यात कमीपणा नाही.

येत्या रविवारी घरातल्या नातवंडाला हाक मारा, एक भेंडी कापा, दोन रंग काढा आणि आजींना त्यांपैकी एक निवडू द्या. त्या निवडतील तो रंग बरोबरच असेल.